गाडीच्या रंगावरचे हलके ओरखडे घरच्या घरी कसे काढावेत

सोसायटीच्या बेसमेंटमधल्या खांबाला गाडी घासली की पोटात गोळा येतो. माझ्या गडद निळ्या गाडीच्या मागच्या बंपरवर पिवळे-काळे पट्टे उमटले, तेव्हा गॅरेजमध्ये सल्ला मिळाला की अख्खा बंपर रंगवून घ्या. घरी येऊन ती जागा धुतली आणि टॉर्चच्या उजेडात पाहिली, तर त्यातला बराचसा भाग ओरखडा नव्हताच. खांबाचा ऑइल पेंट गाडीच्या रंगावर चढून बसला होता. त्याखाली काही हलके ओरखडे होते आणि एकच चरा जरा खोल होता. दोन-अडीच तासांत बंपर पुन्हा दाखवण्यासारखा झाला. तो एक चरा मात्र मी तसाच ठेवला आहे. का, ते पुढे सांगतो, कारण या कामातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय तोच आहे.

ओरखडा पडतो कशात

कारखान्यातून आलेल्या गाडीच्या पत्र्यावर सगळ्यात खाली गंज रोखणारा थर असतो. गाडीचा सांगाडा टाकीत बुडवून, विजेच्या साहाय्याने तो चढवलेला असतो. त्यावर प्रायमर, प्रायमरवर रंग आणि रंगावर पारदर्शक क्लिअर कोट. गॅरेजमध्ये याला काही जण लॅकरही म्हणतात. हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतात आणि त्यात क्लिअर कोटचा वाटा सहसा ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. डोक्यावरचा केस सहसा या क्लिअर कोटहून जाड असतो.

गाडीची सगळी चमक या पातळ थरात आहे. उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालचा रंग वाचवायचं कामही तोच करतो. हलका ओरखडा म्हणजे या थराच्या वरच्या भागात पडलेली बारीक चर. चरीच्या कडांवर उजेड विखुरतो, म्हणून ती पांढरट दिसते आणि म्हणूनच काळ्या, निळ्या, लाल गाड्यांवर ओरखडे जास्त डोळ्यांत भरतात. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीवरही ते तेवढेच असतात, फक्त नजरेला पडत नाहीत.

मग ओरखडा "काढतो" म्हणजे आपण काय करतो? चर भरून येत नाही. तिच्या आजूबाजूचा क्लिअर कोट किंचित घासून आपण चरीच्या तळापर्यंत खाली आणतो आणि कडा बोथट करतो. म्हणजे प्रत्येक पॉलिशला क्लिअर कोट थोडा कमी होतो. बँकेतल्या मुद्दलासारखं आहे हे, आणि या मुद्दलावर व्याज मिळत नाही. दरवर्षी दिवाळीला सर्व्हिसिंगच्या बिलात "रबिंग-पॉलिश" घालून घेणाऱ्या गाड्यांचं टप आणि बॉनेट काही वर्षांनी पांढुरकं पडून पापुद्रे सुटायला लागतात, त्यामागे उन्हाबरोबर हेही एक कारण असतं. म्हणून सगळ्यात सौम्य उपायाने सुरुवात करायची आणि तो पुरला की तिथेच थांबायचं.

आधी निदान

ओरखड्याची जागा शाम्पूने धुवा. धुळीवरून हात फिरवून तपासणी करू नका. त्यानेच नवे ओरखडे पडतात.

धुतल्यावर पाण्याची परीक्षा घ्या. ओरखड्यावर थोडं पाणी शिंपडा. पाण्याखाली तो दिसेनासा झाला आणि वाळल्यावर पुन्हा उमटला, तर तो क्लिअर कोटमध्येच आहे आणि बहुधा पॉलिशने जाईल. ओला असतानाही ठळक दिसत असेल, तर चर खोल आहे.

मग नखाची परीक्षा. नख ओरखड्याला आडवं, अगदी हलकेच फिरवा. नख घसरून गेलं तर काम सोपं आहे. किंचित जाणवलं तर ओरखडा पुसट होईल, पण पूर्ण जाणार नाही. नख अडकलं तर घासून उपयोग नाही, टच-अपच, म्हणजे चरीत रंग भरायचं काम, करावा लागेल. चरीत राखाडी किंवा पांढरा प्रायमर, चकाकणारा पत्रा किंवा बंपरचं काळं प्लॅस्टिक दिसत असेल, तर नख लावायचीही गरज नाही.

तिसरी गोष्ट बरेच जण विसरतात: समोरच्या वस्तूचा रंग गाडीला लागलाय का ते पाहणं. चर बोटाला खोलगट लागते, लागलेला रंग उंचवट्यासारखा. खांब, दुसऱ्याची गाडी, फाटक, दुचाकीचं रबरी हँडल यांचे डाग याच प्रकारचे. ते काढायला आधी डांबर काढण्याचा स्प्रे किंवा पातळ केलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल मायक्रोफायबरवर घेऊन पुसा. त्यानंतरही उरलं तर क्ले, म्हणजे रंगात रुतलेले कण उचलणारी मातीसारखी मऊ वडी, आणि मग पॉलिश. थिनरला मात्र हात लावू नका. विशेषतः गाडीचा तो भाग आधी कधी गॅरेजमध्ये रंगवलेला असेल, तर थिनर खांबाच्या रंगासोबत तुमचाही रंग मऊ करून उचलेल.

काही गाड्यांना ही पद्धत लागू पडत नाही. मॅट रंगावर पॉलिश कधीच करू नये. घासलेली जागा चमकायला लागते आणि तो चमकदार डाग परत मॅट होत नाही. पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवलेली पारदर्शक फिल्म, असेल तर ओरखडा फिल्मला पडलेला आहे. चांगल्या फिल्मवरचे बारीक ओरखडे गरम पाणी ओतलं की आपोआप मिटतात. सिरॅमिक कोटिंग केलेलं असेल तर पॉलिशने त्या जागेवरचं कोटिंग निघून जाईल. नुकताच रंगवलेला भाग किमान महिनाभर घासू नये. आणि क्लिअर कोट नसलेल्या जुन्या गाड्यांवर पॉलिश करताना फडक्याला गाडीचा रंग लागतो. त्या गाड्यांच्या बाबतीत ते स्वाभाविक आहे. नव्या गाडीवर काम करताना फडक्याला रंग लागला, तर क्लिअर कोट संपलाय असं समजा आणि त्या क्षणी हात थांबवा.

काय काय लागेल

गाडी धुण्याचा शाम्पू, दोन बादल्या, धुण्यासाठी मायक्रोफायबरचा मऊ हातमोजा, सहा-सात स्वच्छ मायक्रोफायबर फडकी, क्ले बार, कागदी मास्किंग टेप, फोमचे दोन-तीन अॅप्लिकेटर, बारीक पॉलिशची एक बाटली, त्याहून जरा तीव्र कंपाउंडची एक बाटली आणि शेवटी लावायला वॅक्स किंवा सीलंट (वॅक्ससारखाच, पण जास्त टिकणारा संरक्षक लेप). पॉलिश आणि कंपाउंड दोन्हींत घासणारे कण असतात, फरक त्यांच्या तीव्रतेचा. दुकानात "स्क्रॅच रिमूव्हर" मागितलात की यांपैकी काहीही हातात पडू शकतं, म्हणून बाटलीवरचा मजकूर वाचून घ्या. "हेवी कट" लिहिलेलं पहिल्या खेपेला घेऊ नका.

फडक्यांवर कंजुषी नको. एक फडकं पॉलिश पुसायला, दुसरं अल्कोहोलने पुसायला, तिसरं वॅक्सला, अशी वाटणी ठेवा. जमिनीवर पडलेलं फडकं त्या दिवशी पुन्हा गाडीला लावू नये. प्रत्येक फडक्याचं कडक लेबल आधीच कापून टाका, तेही ओरखडे पाडतं.

टूथपेस्टचा उपाय घरोघरी सांगितला जातो. टूथपेस्टमध्येही घासणारे कण असतात, म्हणून थोडा फरक दिसतो. पण ते कण दातांसाठी ठरवलेले असतात, रंगासाठी नव्हे, आणि वाळलेली पेस्ट फटींत अडकून बसते. खोबरेल तेल, रॉकेल किंवा गंज सोडवायचा स्प्रे लावल्यावर ओरखडा गेल्यासारखा वाटतो, कारण तेलाने चर भरते. पाण्याच्या परीक्षेत जे दिसलं तेच हे. दोन धुण्यांत ओरखडा परत येतो.

धुणं, क्ले आणि टेप

जागा सावलीतली हवी. पत्र्याला हाताची मागची बाजू लावून पाहा, गार लागला पाहिजे. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर बॉनेट गार व्हायला वेळ द्या. गरम पत्र्यावर कंपाउंड वाळतं आणि त्याची पूड फडक्याखाली येऊन स्वतःच ओरखडे काढते. पावसाळ्यात उघड्यावर हे काम नीट होत नाही. पाऊस सरल्यावर, दसऱ्याच्या सुमारास गाडी नाहीतरी घासूनपुसून पूजेला लावायची असते, तो मुहूर्त या कामालाही चांगला.

गाडी आधी नुसत्या पाण्याने भिजवून धूळ-चिखल वाहू द्या. मग एका बादलीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. हातमोजा दर वेळी साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत बुडवायचा, म्हणजे काढलेली धूळ पुन्हा गाडीवर जात नाही. वरून खाली धुवा. टप आणि बॉनेट आधी, दारांचा खालचा भाग आणि बंपर शेवटी, कारण सगळ्यात जास्त रेती तिथेच असते. भांड्यांचा साबण आज नको, तो आधीचं वॅक्सही काढून टाकतो आणि रबरी बीडिंग कोरडं पाडतो. बोअरिंगचं पाणी असेल तर गाडी आपोआप वाळू देऊ नका, क्षारांचे गोल डाग उरतात.

धुतल्यावर पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत बोटं घालून रंगावरून फिरवा. खरखर लागली, तर रंगात रुतलेले कण अजून आहेत. त्यासाठी क्ले. क्लेचा छोटा तुकडा चपटा करा, जागेवर शाम्पूचं पाणी भरपूर शिंपडा आणि क्ले जोर न देता सरळ रेषेत पुढे-मागे सरकवा. आवाज आणि खरखर थांबली की ती जागा झाली. क्ले मळून नवी बाजू वर काढत राहा. तो खाली पडला तर टाकून द्या, कितीही नवा असला तरी. त्यात शिरलेली रेती निघत नाही.

पॉलिशच्या जागेजवळचं काळं प्लॅस्टिक, रबरी बीडिंग, नंबरप्लेट, बॅज आणि दाराच्या कडांवर टेप लावा. काळ्या खरबरीत प्लॅस्टिकवर वाळलेलं पॉलिश पांढरं दिसतं आणि काढताना जीव मेटाकुटीला येतो. कडांचं कारण वेगळं आहे. बॉनेटच्या आणि दाराच्या धारेवर, बॉडीच्या उठावदार रेषेवर रंग मुळातच पातळ बसतो, आणि घासताना दाब तिथेच एकवटतो. क्लिअर कोट पहिल्यांदा फाटतो तो तिथे.

हाताने पॉलिश

एखाद-दोन ओरखडे असतील, तर हातच पुरेसा आहे. सुरुवात दाराच्या हँडलमागच्या खोबणीपासून करा असं मी सगळ्यांना सांगतो. नखं, अंगठ्या, बांगड्या यांनी तिथे बारीक ओरखड्यांचं जाळं झालेलं असतं, तिथे मशीन शिरत नाही आणि हात बसवायला ती उत्तम जागा आहे.

अॅप्लिकेटरवर बारीक पॉलिशचे वाटाण्याएवढे तीन थेंब घ्या. फूटभर लांब, फूटभर रुंद जागेवर, ओरखडा मधोमध ठेवून ते जोर न देता पसरा. मग मध्यम दाबाने घासायला लागा. बोटं सपाट ठेवा. एका बोटाच्या टोकाने दाबून घासलं तर ओरखडा जातो, पण तिथे बोटाएवढा खळगा तयार होतो आणि तिरप्या उजेडात तो कायम दिसत राहतो. घासायची दिशा ओरखड्याला आडवी ठेवा, त्याच्या लांबीतून घासलं तर चर रुंदावते. तीस-चाळीस फेऱ्यांनंतर पॉलिशचा थर पातळ, तेलकट-पारदर्शक होतो. तेव्हा स्वच्छ फडक्याने पुसा आणि टॉर्च तिरका धरून पाहा.

फरक दिसतोय पण ओरखडा आहे, तर तेच आणखी दोनदा. तीन खेपांनंतरही काहीच हललं नाही, तर कंपाउंडकडे वळा. रीत तीच, फक्त जागा लहान घ्या आणि प्रत्येक खेपेनंतर पाहा. कंपाउंडने ओरखडा जातो पण अनेकदा धुरकटपणा मागे राहतो, म्हणून त्यावर बारीक पॉलिशची एक खेप करावीच लागते. कंपाउंड लावून थेट वॅक्स केलेली गाडी सावलीत छान दिसते, उन्हात नेली की तो धुरकटपणा कळतो.

मशीन कधी आणि कोणतं

उन्हात सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसत असतील, तर ते अख्ख्या पॅनलवर असतात. तिथे हाताने घासणं म्हणजे निष्फळ मेहनत. त्यासाठी ड्युअल अॅक्शन पॉलिशर घ्या किंवा भाड्याने आणा. त्याचा पॅड फिरतो आणि फिरता फिरता हेलकावेही घेतो, म्हणून एका जागी उष्णता साठत नाही, आणि जास्त दाबलं की पॅडचं फिरणं थांबतं. नवख्या हातासाठी ही मोठी सोय आहे. हार्डवेअरच्या दुकानातल्या चार इंची ग्राइंडरला फोम लावून पॉलिश करायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. तो मिनिटाला १० हजारांहून अधिक फेरे घेतो, क्लिअर कोट काही सेकंदांत जळतो. गॅरेजमधलं रोटरी पॉलिशर चांगल्या कारागिराच्या हातात भराभर काम करतं, पण हात बसायला काळ जातो.

पाच इंची फोम पॅडवर चार थेंब घ्या. पॅड रंगावर टेकवा आणि मगच मशीन चालू करा, नाहीतर सगळं पॉलिश भिंतीवर उडेल. वेग १ वर पसरवून घ्या, मग ४ ते ५ वर न्या. दीड फूट बाय दीड फूट जागा, हात सेकंदाला दोन-तीन सेंटीमीटर इतकाच पुढे सरकला पाहिजे. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढू द्या. एकदा आडवं, एकदा उभं, असं मिळून चार ते सहा वेळा. पॅडमागच्या चकतीच्या कडेला मार्करने एक रेघ मारून ठेवा. काम करताना ती फिरताना दिसली तर दाब बरोबर आहे, जागच्या जागी थरथरताना दिसली तर दाब कमी करा. वायर खांद्यावरून मागे टाका, लोंबकळली तर तीच रंगावर घासते.

बंपरवर विशेष सांभाळा. पत्रा उष्णता पसरवून टाकतो, प्लॅस्टिक ती धरून ठेवतं. दर खेपेनंतर हात लावून पाहा, कोमटपेक्षा जास्त लागलं तर थांबा.

थांबायचं कुठे

पॉलिशमधलं तेलही चर भरतं, त्यामुळे लगेच दिसणाऱ्या चमकेवर विश्वास ठेवू नका. ७० टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या एका भागात चार भाग पाणी मिसळा, ती जागा त्याने पुसा आणि मग उन्हात पाहा. जे दिसेल ते खरं.

आता माझ्या बंपरवरच्या त्या चऱ्याबद्दल. कंपाउंडच्या दोन खेपांनंतर तो निम्मा राहिला होता. नखाला किंचित जाणवत होता. तिसऱ्या, चौथ्या खेपेत तो कदाचित गेलाही असता, पण माझ्याकडे रंगाची जाडी मोजायचं यंत्र नव्हतं, आणि असतं तरी नेहमीची यंत्रं धातूवरची जाडी मोजतात, प्लॅस्टिकच्या बंपरवर ती चालत नाहीत. म्हणजे खाली किती क्लिअर कोट उरलाय हे कळायचा मार्गच नव्हता. सहा फुटांवरून तो चरा दिसत नाही. कडा बोथट झाल्यामुळे उजेडही पूर्वीसारखा पकडत नाही. तो मिटवायच्या नादात क्लिअर कोट फाटला असता, तर ज्या रंगकामाला मी गॅरेजमध्ये नाही म्हणालो, तेच करावं लागलं असतं. वॉटर पेपरने, म्हणजे २००० किंवा ३००० नंबरच्या ओल्या पॉलिश पेपरने घासून असे चरे काढणारे कसबी कारागीर आहेत. घरी, पहिल्यांदा करताना, तो रस्ता धरू नये असं माझं ठाम मत आहे.

पॉलिश झाल्यावर वॅक्स किंवा सीलंट लावायचंच. वॅक्स आपल्या उन्हात काही आठवडे टिकतं, सीलंट काही महिने. पातळ थर पुरतो. जाड लावल्याने जास्त टिकत नाही, पुसायला मात्र त्रास होतो.

नख अडकणारे चरे

पत्र्यापर्यंत गेलेला चरा तसाच ठेवू नका. कोकणात, गोव्यात, मुंबईत खाऱ्या हवेने तो एका पावसाळ्यात गंजतो. दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखाली असलेल्या पट्टीवरून रंगाचा कोड बघा आणि त्याच कोडचं टच-अप पेन मागवा. चर अल्कोहोलने पुसा, गंज असेल तर आधी तो खरवडून काढा. बारीक ब्रशने किंवा टूथपिकच्या टोकाने रंग फक्त चरीत भरा, बाहेर पसरू देऊ नका. दोन-तीन पातळ थर द्या, प्रत्येक थर वाळू द्या, मग क्लिअरचा थेंब. जवळून तो दिसेल, पण पत्रा सुरक्षित राहील.

अशा एका चऱ्यासाठी विम्याचा क्लेम करण्याआधी हिशेब मांडा. क्लेमशिवाय गेलेल्या पहिल्या वर्षी २० टक्क्यांपासून सुरू होऊन सलग पाच वर्षांनी ५० टक्क्यांपर्यंत पोहोचणारा नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याच्या हप्त्यातली सूट, एका क्लेमने जातो.

नवे ओरखडे येतात कुठून

बहुतेक गाड्यांवरचे ओरखडे अपघाताने नाही, रोजच्या पुसण्याने पडतात. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे कण असतात आणि ते क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण असतात. सकाळी कोरड्या पिवळ्या फडक्याने धूळ झटकणं म्हणजे गाडीवरून रोज बारीक पॉलिश पेपर फिरवणं. गाडीचं कव्हरही तेच करतं: धुळकट गाडीवर घातलेलं कव्हर वाऱ्याने हलत राहतं आणि खालची धूळ रंगावर घासली जाते. कव्हर फक्त धुतलेल्या गाडीवर घाला. धुळीवर बोटाने नाव लिहिणाऱ्या मुलांची अक्षरं धुतल्यावरही रंगात राहतात, हे त्यांना एकदा उन्हात दाखवा, पुन्हा लिहिणार नाहीत.

दसऱ्याला बॉनेटवर हार बांधाल तेव्हा तारेऐवजी सुती दोरा वापरा, आणि पूजा झाल्यावर हार काढून मगच गाडी रस्त्यावर काढा. वाऱ्याने हलणारा हार दिवसभरात बॉनेटवर धनुष्याकृती ओरखडे काढतो. कुंकवाचं स्वस्तिक पुसू नका, पाण्याने वाहून जाऊ द्या.

सोसायटीत गाडी पुसायला येणाऱ्या दादांना दोष देऊन उपयोग नाही. एका बादलीत अनेक गाड्या उरकायच्या असतात. मी त्यांना दोन मायक्रोफायबर फडकी आणून दिली, आणि सांगितलं, "दादा, रोज फक्त काचा आणि आरसे पुसा, बाकी गाडीला हात लावू नका. रविवारी आपण दोघं मिळून धुऊ." पैसे तेवढेच ठेवले. दोन वर्षं होत आली, बॉनेटवर जाळं पुन्हा धरलेलं नाही.